सामुदायिक रेडिओ-टीव्हीचे सरकारी अनुदान बंद व्हावे का?

पारसिकवासी

नमस्कार मंडळी.

कळवा-खारेगाव भागात आमची एक नोंदणीकृत संस्था आहे. संस्थेला दहा वर्षे होऊन गेली असल्याने सामुदायिक रेडिओ केंद्रासाठी अर्ज करण्यास ती पात्र आहे. गेल्या महिन्याच्या बैठकीत हा विषय निघाला आणि पंधरा मिनिटेही झाली नसतील, तोच एका सभासदांनी सरकारकडून अनुदान किती मिळते असे विचारले. केंद्रावरून काय ऐकवायचे, कोणी बोलायचे, कोण ऐकणार, यांतले काहीही ठरलेले नव्हते. अनुदानाचा आकडा मात्र सर्वांना हवा होता.

मला ते खटकले. लोकांच्या मालकीच्या रेडिओ-टीव्हीला सरकारी अनुदान असूच नये आणि जिथे आहे तिथे ते थांबवावे, असे माझे मत आहे. नळाला पाणी का येत नाही हे विचारणे ज्या केंद्राचे काम आहे, ते सरकारच्या पैशावर उभे राहिले तर प्रश्न विचारताना त्याची जीभ अडखळणारच. शिवाय लोकांना केंद्र मनापासून हवे असेल तर लोक त्याचा खर्च उचलतील. उचलत नसतील तर ते केंद्र लोकांचे नसून चार हौशी मंडळींचे आहे, असे समजावे.

अमेरिकेत हे पाऊल उचलले गेले आहे. १९६७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या ‘कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग’ या संस्थेमार्फत तिथल्या सुमारे दीड हजार स्थानिक रेडिओ-टीव्ही केंद्रांना पैसा जात असे. जुलै २०२५ मध्ये तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, पुढील दोन वर्षांसाठी आधीच मंजूर केलेले सुमारे ११० कोटी डॉलर परत घेतले आणि १ ऑगस्टला त्या संस्थेने आपले काम गुंडाळत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर श्रोत्यांच्या देणग्या वाढल्याचे वाचले. मग आपल्याकडेच अडचण कोणती? आमची पुढची बैठक महिनाअखेरीस आहे. त्याआधी येथील जाणकारांची मते हवी आहेत.

हिशेबनीस_नौपाडा

पारसिकवासी, आपण दोन वेगळी खाती एकाच पानावर मांडली आहेत. अमेरिकेत जो पैसा थांबला तो प्रामुख्याने केंद्र चालवण्याचा होता. आपल्याकडे माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या योजनेतून जे मिळते ते यंत्रसामग्रीसाठी. प्रक्षेपक, अँटेना, मिक्सर, माइक यांच्या किमतीच्या ५० टक्के असे ते आधी होते, पुढे ७५ टक्के झाले आणि ईशान्येकडील राज्यांना ९० टक्के. कमाल मर्यादा मात्र साडेसात लाख रुपये. निवेदकाचे मानधन, वीजबिल, जागेचे भाडे यांची त्यात सोय नाही.

त्यामुळे ‘अनुदानावर जगणारे केंद्र’ ही वस्तू आपल्याकडे शोधूनच काढावी लागेल. बारशाला मामाने सोन्याची अंगठी दिली म्हणून मुलाच्या शिक्षणाचा खर्चही मामाच करतो, असे कोणी म्हणत नाही.

तळ्याकाठचा

कर्जाला सरकारची थकहमी घेऊन चालणाऱ्या साखर कारखान्यांच्या राज्यात सात लाखांच्या माइकवरून तत्त्वचर्चा चालू आहे, हे पाहून ऊर भरून आला.

मीना_ऐरोली

मी लग्नाआधी पश्चिम महाराष्ट्रातील एका दुष्काळी तालुक्यातल्या सामुदायिक केंद्रात चार वर्षे काम केले. केंद्राचे नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते तिथल्या माणसांना अडचणीचे होईल.

हिशेबनीस काकांचे म्हणणे बरोबर आहे, पण अपुरे आहे. अंगठी एकदाच मिळते हे खरे. मात्र मामा दर महिन्याला दुसऱ्या दाराने येत असतो आणि ते दार म्हणजे सरकारी जाहिराती. लसीकरण, पीकविमा, जनधन खाते, मतदार नोंदणी अशा जाहिरातींवर आमचा जवळपास सगळा खर्च चाले. केंद्र सरकारच्या या जाहिरातींचा दर पूर्वी दहा सेकंदांना ५२ रुपये होता आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो ७४ रुपये झाल्याचे जाहीर झाले. दर वाढला ही आनंदाची गोष्ट आहे, परंतु आमची अडचण दराची नव्हती. अडचण अशी होती की जाहिरात पावसाळ्यात वाजायची आणि पैसे पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर यायचे. मधल्या काळात आम्ही तिघींनी सात महिने अर्ध्या मानधनावर काम केले. थकलेल्या बिलाची चौकशी करायला सरकारी कार्यालयात गेले असता तेथील साहेबांनी शांतपणे सांगितले, की तुमच्या चारा छावणीच्या कार्यक्रमाची इकडे बरीच चर्चा झाली. त्यापुढे ते काही बोलले नाहीत आणि बोलण्याची गरजही नव्हती. पुढचा चारा छावणीचा कार्यक्रम आम्ही ध्वनिमुद्रित केला, पण प्रसारित केला नाही. याची मला आजही लाज वाटते.

म्हणून पारसिकवासी दादांची भीती मला पटते. मात्र ती अनुदानाला लावू नका, जाहिरातींना लावा. यंत्र एकदा आपल्या खोलीत आले की ते परत न्यायला सहसा कोणी येत नाही. पण पुढच्या महिन्याची जाहिरात न देणे हा शब्दही न उच्चारता बजावलेला हुकूम असतो.

आता ‘लोक खर्च उचलतील’ याबद्दल. एका मे महिन्यात वीज पडून आमचा प्रक्षेपक जळाला. सुटा भाग बाहेरून मागवावा लागला आणि केंद्र तेवीस दिवस बंद राहिले. आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांनी आपणहून डबा फिरवला आणि दुरुस्तीच्या खर्चाचा बराच भाग उभा राहिला. त्याच बायकांकडे सहा महिन्यांनी आम्ही मासिक वर्गणीचा विषय काढला तेव्हा त्या हसल्या. ‘मोडलेले दुरुस्त करायला पैसे देऊ, पण तुम्ही बोलता त्याचे पैसे कशाला?’ असे एकीने विचारले. आपल्याकडे लोक देवळाच्या कळसाला हात सैल सोडून देतात आणि पुजाऱ्याच्या पगाराचे नाव काढले की पांगतात, त्यातलाच हा प्रकार आहे.

पारसिकवासी

मीनाताई, चारा छावणीचा प्रसंग तर माझेच म्हणणे सिद्ध करतो. मग सरकारी जाहिरातीही बंद व्हाव्यात, असे मी म्हणेन.

मीना_ऐरोली

म्हणा, पण त्या बंद झाल्या की केंद्राला कुलूप लागेल, हेही त्याच दमात म्हणा.

वसंतविहार_ते_सिअ‍ॅटल

मी मूळचा ठाण्याचा, गेली चौदा वर्षे अमेरिकेत आहे. धाग्यात तिकडचा दाखला आला म्हणून लिहितो.

देणग्या वाढल्या हे खरे आहे. मीही दिली. परंतु त्या कुठे वाढल्या हे पाहायला हवे. मोठ्या शहरांतील केंद्रांकडे सुस्थितीतले हजारो श्रोते असतात आणि त्यांच्या अंदाजपत्रकात सरकारी वाटा मुळातच लहान होता. एनपीआर या राष्ट्रीय रेडिओसंस्थेला थेट मिळणारा सरकारी पैसा तिच्या उत्पन्नाच्या जेमतेम एक टक्का होता, तर पीबीएस या टीव्हीसंस्थेचा सुमारे १५ टक्के. संसदेतला राग मुख्यतः या दोन नावांवर होता. घाव मात्र पडला खेड्यांवर, कारण एकूण निधीतील सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम स्थानिक केंद्रांकडे जात असे.

अलास्कातील बेथेल या गावी केवायुके नावाचे केंद्र आहे. १९७१ पासून ते चालू आहे आणि इंग्रजीबरोबर युपिक या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतही प्रसारण करते. त्याच्या उत्पन्नाचा सुमारे ७० टक्के भाग या निधीतून येत असे. निधी थांबला, नोकरकपात जाहीर झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हालोंग या वादळाच्या अवशेषांनी त्याच किनाऱ्यावरील किपनुक आणि क्विगिलिंगोक ही गावे उद्ध्वस्त केली. घरे पाण्यावर तरंगत वाहून गेली. त्या वेळी लोकांना कुठे जायचे, कोणाचा शोध लागला, विमाने केव्हा येणार, हे सांगणाऱ्यांत हेच केंद्र होते. बेथेलला रस्त्याने जाताही येत नाही, तिथे देणगीदार कुठून आणणार?

आता पारसिकवासी यांच्या बाजूचे एक सांगतो. सरकारने ढवळाढवळ करू नये म्हणून अमेरिकेने बऱ्याच भिंती बांधल्या होत्या. पैसा थेट मंत्रालयाकडून न जाता स्वतंत्र महामंडळातून जाई आणि दोन वर्षे आधी मंजूर होई, म्हणजे या वर्षीच्या कार्यक्रमाचा राग या वर्षीच्या निधीवर काढता येऊ नये. तरीही १ मे २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांनी या दोन संस्थांवर पक्षपाताचा ठपका ठेवणारा आदेश काढला आणि अडीच-तीन महिन्यांत आधीच मंजूर झालेला पैसा परत घेतला गेला. पैसा देणारा हात रागावला की काढून घेतो. तेव्हा ‘अनुदान धोक्याचे असते’ हे आपले निदान बरोबर आहे. औषधाबद्दल मात्र मतभेद आहे.

कोपरखैरणे_केबल

रेडिओबद्दल सर्व जण लिहीत आहेत, शीर्षकातला टीव्ही मागे पडला, म्हणून लिहितो.

आमचे केबलचे जाळे होते आणि त्यावर आम्ही स्वतःचे एक स्थानिक चॅनेल चालवत होतो. गणपतीचे विसर्जन, गावच्या जत्रा, दहावीच्या गुणवंतांचा सत्कार, हरवलेली मुले, पाणीपुरवठा बंद असल्याची सूचना, असे सगळे त्यावर चाले. सरकारकडून एक रुपया घेतला नाही. पारसिकवासी यांना हवे तसे ते स्वावलंबी चॅनेल होते. पण ते लोकांचे होते का? नव्हते, ते माझे होते. पैसा सराफाचा, क्लासवाल्यांचा, बिल्डरचा आणि दर पाच वर्षांनी इच्छुक उमेदवारांचा. एका इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नसताना तिथल्या सदनिकांची जाहिरात मी महिनाभर दाखवली आणि तिथल्या रहिवाशांची तक्रार दाखवली नाही. जीभ अडखळायला सरकारच लागते असे नाही. २०१२-१३ पासून डिजिटल सेट-टॉप बॉक्स आले आणि हळूहळू छोट्या चालकांच्या हातून सगळे मोठ्या कंपन्यांकडे गेले. आता तिथे आमचे चॅनेल नाही आणि ते गेल्याबद्दल कोणी विचारलेही नाही.

खऱ्या अर्थाने लोकांचा टीव्ही आपल्याकडे एकदा झाला होता आणि तो पूर्णपणे सरकारी पैशाने झाला होता, हे कदाचित नव्या मंडळींना ठाऊक नसेल. गुजरातमधील खेडा जिल्ह्यात पीज या गावी १९७५ मध्ये इस्रोने एक लहान प्रक्षेपक बसवला आणि पुढे सुमारे दशकभर तिथून केवळ त्या जिल्ह्यासाठी कार्यक्रम होत. गावोगावी सामुदायिक टीव्हीसंच होते, बरेचसे दूध सोसायट्यांच्या ताब्यात. जातीय अत्याचार, किमान वेतन, सावकारी असे विषय नाट्यरूपात येत आणि गावकरी स्वतः त्यांत भूमिका करीत. १९८४ मध्ये या प्रकल्पाला युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनासाठीचा पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतर तो फार काळ टिकला नाही.

तळ्याकाठचा

म्हणजे खासगी पैशाने जीभ बांधली आणि सरकारी पैशाने सोडली. पारसिकवासी, आपण महिनाअखेरीस बैठक ठेवली आहे ती पुढे ढकलावी असे सुचवतो.

निवृत्त_ग्रंथपाल

१९६७ हे साल वाचून मला दुसरेच आठवले. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमही १९६७ चाच. त्यानुसार राज्यातील सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळते. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चे, म्हणजे कायद्याच्या चौऱ्याहत्तर वर्षे आधीचे. लोकांनी आधी उभे केले आणि सरकार मागाहून आले, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

मी एका लहान ग्रंथालयात छत्तीस वर्षे काढली. अनुदानामुळे कोणते पुस्तक घेऊ नये असे मला कोणी सांगितल्याचे आठवत नाही. अनुदानाने जे नुकसान केले ते वेगळ्या प्रकारचे होते. वाचकांची वर्गणी वाढवण्याचा विषय निघाला की कार्यकारिणी म्हणे, कशाला, अनुदान येणारच आहे. परिणामी वाचक हा धनी न राहता पाहुणा झाला. पाहुणा तक्रार करत नाही; तो फक्त यायचे थांबतो. जिथे वर्गणी आणि अनुदान दोन्ही बरोबरीने चालले तिथे ग्रंथालये जिवंत राहिली. जिथे नुसते अनुदान होते तिथे रजिस्टरमध्ये वाचक होते आणि खुर्च्यांवर धूळ होती.

घोडबंदर_३०वा_मजला

ग्रंथपाल काकांनी सभ्य भाषेत सांगितले, मी सरळ सांगतो. कागदावरची ग्रंथालये जशी निघाली तशी कागदावरची रेडिओ केंद्रेही निघतील. साडेसात लाख घ्यायचे, उद्घाटनाचा फोटो काढायचा आणि दिवसभर जुनी गाणी लावून ठेवायची. करदात्याने हे का सोसावे? आता मोबाइल आहे, यूट्यूब आहे, पॉडकास्ट फुकट निघते. प्रक्षेपकाची गरजच काय?

दिवाळेकर_आगरी

वरच्या प्रतिसादाला उत्तर. तुमच्या तिसाव्या मजल्यावर मोबाइलला सिग्नल असेल. माझे वडील पहाटे खाडीत जातात, त्यांचे दोन्ही हात जाळ्यात असतात. त्यांनी यूट्यूब कोणत्या बोटाने उघडावे? तमिळनाडूत पांबनला ‘कडल ओसै’ हे मच्छीमारांसाठीचे सामुदायिक केंद्र २०१६ पासून चालते. वारा, लाटा आणि मासळीविषयी ते त्यांच्या बोलीत सांगते. आमच्या ठाणे खाडीकाठच्या कोळीवाड्यांना आणि आगरी गावांना आगरी-कोळी बोलीत रोज तासभर सांगणारे कोण आहे? खासगी एफएमवर आमची बोली येते ती विनोद करण्यापुरती. जिथे जाहिरातदाराला गिऱ्हाईक दिसत नाही तिथे बाजार जात नाही, आणि अशाच ठिकाणासाठी अनुदान असते.

आणि हो, अनुदान घेऊन फोटो काढणारे निघतील. त्यांना पकडावे. ढेकूण झाले म्हणून कोणी घर जाळत नाही.

घोडबंदर_३०वा_मजला

जाळ्याचा मुद्दा मान्य. यूट्यूबचे वाक्य मागे घेतो, कागदी केंद्रांचे नाही.

लहरी_माणूस

तांत्रिक शंका. सामुदायिक केंद्राला प्रभावी शक्ती १०० वॅट आणि अँटेनाची उंची जमिनीपासून जास्तीत जास्त ३० मीटर, असा नियम आहे. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात. ३० मीटर म्हणजे साधारण दहा मजले. घोडबंदर रस्त्यावर तर इमारतीच तीस मजल्यांच्या झाल्या आहेत. खारेगावातून बोललात तर पलीकडे ऐरोली-घणसोलीत ऐकू येण्यात पारसिकचा डोंगर आडवा येणार आणि पश्चिमेला टॉवर. म्हणजे पारसिकवासी यांचा श्रोता कळवा, खारेगाव आणि नशीब असेल तर मुंब्र्याचा काही भाग एवढाच. अनुदान घ्यायचे की नाही हे ठरवण्यापूर्वी छतावर चढून चारही दिशांना बघून घ्यावे.

संपादक मंडळ

एमएमआरडीएच्या इमारत-उंचीवरील सहा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया अनुदानाच्या मुद्द्यावर राहावे.

जुना_श्रोता_चरई

माझे वय ७८. ‘लोकांना हवे असेल तर लोक खर्च उचलतील’ या वाक्यावर लिहितो.

हा प्रयोग आपल्या मुंबईतच होऊन गेला आहे. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खासगी कंपनी २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत सुरू झाली आणि तिचे उत्पन्न मुख्यतः श्रोत्यांच्या परवाना शुल्कातून यायचे होते. तीन वर्षांत, १९३० मध्ये, ती बुडाली आणि प्रसारण सरकारने हाती घेतले. ऐकणारे बरेच होते, पैसे भरणारे थोडे. आमच्या घरीही रेडिओचे परवाना पुस्तक होते. दरवर्षी टपाल कार्यालयात जाऊन शुल्क भरावे लागे आणि तपासनीस आला की शेजारचे लोक रेडिओ गोधडीखाली ठेवत. रेडिओसाठी पैसे न देण्याची परंपरा आपल्याकडे रेडिओइतकीच जुनी आहे.

दुसरी आठवण १९५६ ची, थोरल्या भावाकडून ऐकलेली. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतामंडळे स्थापली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम, आणि कार्यक्रम संपला की मंडळाने बसून त्यावर बोलायचे, शंका पुण्याला कळवायच्या. रेडिओ सरकारचा, कार्यक्रम सरकारचा. पण त्यानंतरचा कंदिलाखालचा वाद गावाचा. भाऊ सांगायचा, की विहिरीवरून असे वाजले की पुढचे दोन कार्यक्रम कोणी ऐकलेच नाहीत.

कोर्टनाका_वकील

आतापर्यंतच्या चर्चेत सर्वांनी पैशाबद्दल लिहिले. माझ्या मते गाठ दुसरीकडे आहे.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलच्या प्रकरणात हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. प्रश्न क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचा होता, पण सामुदायिक रेडिओची चळवळ त्याच वाक्यावर उभी राहिली. तरीही आधी शैक्षणिक संस्थांना परवानगी मिळाली आणि चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र २००४ मध्ये सुरू झाले. स्वयंसेवी संस्थांना दार उघडायला नोव्हेंबर २००६ उजाडले. तेलंगणातील माचनूरच्या दलित स्त्रियांनी ध्वनिमुद्रणाची खोली १९९८ च्या सुमारासच उभारली होती. त्यांचा ‘संघम रेडिओ’ हवेत यायला १५ ऑक्टोबर २००८ लागला. दहा वर्षे त्या कॅसेट भरून गावोगावी ऐकवत राहिल्या. साताऱ्यातील म्हसवडचे माणदेशी तरंग केंद्र त्याच वर्षीचे.

दार उघडले, पण कसे? सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुन्हा ऐकवता येतात. हवामान, वाहतूक, परीक्षा, पाणीपुरवठा अशी माहिती सांगता येते. म्हणजे पाणी उद्या येणार नाही हे सांगता येते. का येणार नाही याच्या मुळाशी जायला लागलो, की बातमी कुठे सुरू झाली या प्रश्नाची तलवार डोक्यावर. जाहिरातींना तासाला किती मिनिटे हेही सरकार ठरवते. आधी पाच, आता बारा. लहरींचे वार्षिक शुल्कही सरकार ठरवते. २०१२ मध्ये ते १९,७०० वरून एकदम ९१,००० रुपये केले होते, केंद्रांनी एक दिवस मौन पाळून निषेध केला तेव्हा कुठे ते मागे घेतले गेले.

आता पारसिकवासी यांच्या प्रश्नाकडे येतो. लोक कशासाठी पैसे देतात? मीनाताईंच्या भाजीवाल्या बायका म्हणाल्या, बोलण्याचे पैसे कशाला. माझा अंदाज असा, की त्या चारा छावणीचा न वाजलेला कार्यक्रम वाजला असता तर त्यांतल्या दहा जणींनी तरी डबा पुन्हा फिरवला असता. ज्या गोष्टीसाठी लोकांनी खिशात हात घालावा ती गोष्ट, म्हणजे आपल्या गावची बातमी, तीच नियमाने बंद आहे. पाय बांधून शर्यतीत उतरवायचे, वर पाठीवर थाप म्हणून साडेसात लाख द्यायचे, आणि मग कोणीतरी म्हणायचे की थाप बंद करा, याला स्वतःच्या पायावर उभे राहू द्या. अनुदान थांबवायचे असेल तर अवश्य थांबवा. त्याच दिवशी दोरही सोडा.

हिशेबनीस_नौपाडा

वकीलसाहेब, हे पटले. एक दुरुस्ती: दोर सोडला तरी अलास्काचे बेथेल आणि आमच्या दिवाळेकरांची पहाट यांचा हिशेब वर्गणीत बसत नाही. सरसकट बंदही नको आणि सरसकट चालूही नको.

मीना_ऐरोली

वकीलसाहेब, दहा जणींचे माहीत नाही. एक जण नक्की होती. तिची म्हैस त्या छावणीत होती.

पारसिकवासी

सर्व प्रतिसाद दोनदा वाचले. लहरी_माणूस यांच्या सांगण्यावरून छतावरही जाऊन आलो. पारसिकचा डोंगर आहे तिथेच आहे.

माझे मत थोडे हलले आहे, पूर्ण बदललेले नाही. केंद्र चालवण्यासाठी सरकारने दरमहा पैसा द्यावा हे मला अजूनही मान्य नाही. चारा छावणीचा प्रसंग वाचल्यावर तर मुळीच नाही. परंतु यंत्रांच्या एकवेळच्या मदतीला मी उगाच दोष देत होतो, आणि खरी लाचारी जाहिरातींच्या थकबाकीत असते हे मला ठाऊकच नव्हते. खाडीतल्या माणसांसाठी वर्गणीचा नियम लावता येणार नाही, हेही मान्य.

बैठकीत पुढील ठराव मांडणार आहे. खारेगाव-कळव्यातील तीनशे कुटुंबांनी महिना शंभर रुपयांप्रमाणे वर्षाची आगाऊ वर्गणी दिल्याच्या पावत्या फाटल्यावरच परवान्याचा आणि यंत्रांच्या अनुदानाचा अर्ज करावा. पावत्या तीनशेच्या खाली राहिल्या तर विषय सोडून द्यावा. सरकारी जाहिरातींचे उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या एक-तृतीयांशावर जाऊ देऊ नये. सामुदायिक केंद्रांना स्थानिक बातम्यांची मुभा मिळावी, अशा मागणीचे पत्र मंत्रालयाला पाठवावे. कोणाला यात खोट दिसत असेल तर बैठकीपूर्वी सांगावे.

हिशेबनीस_नौपाडा

तीनशे गुणिले बाराशे म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार. त्यात दोन माणसे अर्धवेळ आणि वीजबिल निघेल. भाडे निघणार नाही. जागा फुकट मिळवा. एक-तृतीयांशाची अट संस्थेच्या घटनेत घाला, ठरावात नको. ठराव पुढची कार्यकारिणी बदलते.

मीना_ऐरोली

आणि पडणाऱ्या विजेपासून यंत्रे वाचवणाऱ्या तडितरक्षकाचे दरपत्रक यंत्रांच्या यादीत पहिल्या दिवसापासून धरा, ते नंतर घेऊ असे म्हणू नका. आम्ही तसेच म्हटले होते.

तळ्याकाठचा

मी तलावपाळीचा असल्याने तुमचे केंद्र मला ऐकू येण्याची शक्यता कमी आहे. तरीही एक पावती माझ्या नावाने फाडावी. साखर कारखान्यांचा मुद्दा मागे घेतलेला नाही.